पांढरे ते सारे निरोगी नसते

चकाकते ते सारे सोने नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दातांच्या बाबतीत या म्हणीत थोडा बदल करून म्हणावे लागेल, की पांढरे ते सारे निरोगी नसते. हे मला सुचले ते माझ्या वर्गातील नववीच्या एका विद्यार्थिनीमुळे. दीड-दोन वर्षे दातांना तारा लावल्यावर दिवाळीच्या सुट्टीत तिच्या तारा निघाल्या. दात अगदी ओळीत आले होते. पण शाळा सुरू झाल्यावर पाहतो तो काय, ही मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागलेली! कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सर, दात सरळ झाले, पण पिवळे दिसतात. मधूनमधून पांढरे डागही आहेत. म्हणून रोज लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळते आहे."

मी तिला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या दातांचा आजारी भाग कोणता? पिवळा की पांढरा?"

"पिवळा," ती चटकन म्हणाली. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही बहुधा हेच उत्तर दिले असते. खरे उत्तर मात्र नेमके उलट आहे.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर दंतवल्काचे, म्हणजेच इनॅमलचे आवरण असते. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो; त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बारीक स्फटिक दाटीवाटीने रचलेले असतात. हे आवरण काहीसे पारभासक असते. त्याच्या आत दंतिनाचा थर असतो आणि दंतिनाचा रंग मुळातच पिवळसर असतो. काचेच्या खिडकीआड लावलेल्या पडद्याचा रंग बाहेरून दिसावा, तसा हा रंग दंतवल्कातून दिसतो. म्हणून निरोगी दात वहीच्या कागदासारखा पांढरा कधीच नसतो. तो दुधावरच्या साईसारखा, किंचित पिवळट असतो.

मग ते पांढरे डाग कशाचे? तारा बसवताना प्रत्येक दातावर एक छोटी चौकोनी टिकली चिकटवतात. टिकलीच्या कडेला, विशेषत: ती आणि हिरडी यांच्या मध्ये, अन्नाचे कण अडकतात आणि तेथे ब्रश नीट पोचत नाही. तेथील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. गंमत अशी, की अगदी वरचा पापुद्रा बराचसा शाबूत राहतो आणि त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होतो. निष्काळजीपणा केला तर चार आठवड्यांतही असा डाग दिसू लागतो. टिकलीखालचा भाग मात्र झाकलेला असल्यामुळे सुरक्षित राहतो. टिकली निघाली की मधला निरोगी चौकोन पिवळसर आणि त्याच्या कडेचा आजारी भाग खडूसारखा पांढरा दिसतो!

सच्छिद्र झालेला भाग पांढरा का दिसावा, याचे उत्तर बर्फाच्या गोळ्यात आहे. बर्फाची लादी बरीचशी पारदर्शक असते. तीच किसली की पांढरीशुभ्र होते. बर्फात कोणताही पांढरा रंग मिसळलेला नसतो. किसातील हवा आणि बर्फाचे कण यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश पुन:पुन्हा वळतो, परततो व सर्व दिशांना विखुरतो. दंतवल्काचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १.०० आहे. छिद्रांत लाळ असेल तर डाग थोडा फिका दिसतो. दात वाळला, छिद्रांत हवा शिरली, की अपवर्तनांकांतील फरक वाढतो आणि डाग उठून दिसतो. दंतवैद्य हवेच्या फुंकाऱ्याने दात वाळवून तपासतात ते याचसाठी.

आता दात पांढरे करण्याच्या उपायांकडे वळू. या उपायांपैकी एकाचा जन्म तारांच्याच घरी झाला आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात, दात सरळ करणाऱ्या एका दंतवैद्याने हिरड्यांच्या आजारासाठी परॉक्साइडयुक्त जंतुनाशक दिले व ते दातांवर बसणाऱ्या साच्यात घालून रात्रभर ठेवण्यास सांगितले. हिरड्या सुधारल्याच, पण दातही उजळले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. परॉक्साइड दातात झिरपून तेथील रंगीत सेंद्रिय रेणूंचे ऑक्सिडीकरण करते. याचा अर्थ ते रंग घालवते. गेलेले खनिज मात्र परत आणत नाही. तारा निघाल्याबरोबर असे औषध लावले तर निरोगी भागाबरोबर डागही अधिक पांढरा होऊ शकतो आणि दातांना थंड पाण्याच्या झिणझिण्या येऊ लागतात. टिकली चिकटवण्याच्या लुकणाचा अंश दातावर राहिला असेल, तर तेथे दाताचा रंग निराळाच दिसेल. हा अंश दंतवैद्याकडून घासून काढून घेणे हे पहिले काम.

लिंबू-सोड्याचा प्रकार तर त्याहून घातक. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. सोडा पुरेसा नसेल तर आम्ल शिल्लक राहते, त्याने दंतवल्क मऊ पडते, आणि आपण नेमके त्याच वेळी ते चोळतो! चार दिवस वरचा मळ निघाल्याने दात उजळ वाटतात. पण दंतवल्क झिजून पातळ झाले की आतले दंतिन अधिकच दिसू लागते. म्हणजे पिवळेपणा घालवण्याच्या नादात तो कायमचा वाढवून घ्यायचा! हाड मोडले तर जुळते, नखे पुन्हा वाढतात. दंतवल्क बनवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. गेलेला थर पुन्हा येत नाही.

कोणी म्हणेल, "या वयात छान दिसावेसे वाटले तर त्यात काय चुकले?" काहीच चुकले नाही. त्या मुलीला हसणारे मला मुळीच मान्य नाहीत. माझी तक्रार आहे ती घाईबद्दल. तारा निघाल्यावर टिकल्यांचा अडथळा दूर होतो आणि दात नीट घासता येतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतातच. ते सच्छिद्र भागात हळूहळू परत बसू लागतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने या कामाला मदत होते आणि तयार होणारे स्फटिक आम्लाला अधिक दाद देत नाहीत. डाग कित्येकदा काही महिन्यांत फिके होतात. सगळेच जात नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उरलेल्यांसाठी दंतवैद्याकडे उपाय आहेत. भज्यांच्या कागदावर तेल पसरले की कागद पारभासक होतो, कारण तंतूंमधील हवेची जागा तेल घेते. त्याच तत्त्वावर छिद्रांत पातळ राळ मुरवून डाग लपवता येतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. तारा निघाल्यावर निदान काही महिने दातांना त्यांचे काम करू द्यावे. अठरा वर्षांखालील मुलांनी दात पांढरे करण्याची औषधे स्वत:च्या मनाने वापरूच नयेत. युरोपीय संघाने २०१२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन परॉक्साइड असलेली अशी प्रसाधने अठरा वर्षांखालील मुलांसाठी वापरायची नाहीत. आपण नियमाची वाट कशाला पाहावी? आणखी एक सूचना. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असते व त्यानेही दातांवर डाग पडतात. तेथील मुलांनी डाग कशाचा, हे आधी दंतवैद्याकडून ठरवून घ्यावे.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात एखाद्याला तारा लागल्या, की सामू आणि अपवर्तन हे धडे त्याच्या दातांवरून शिकवा. बर्फाचा गोळा आणि भज्यांचा कागद एवढे साहित्य पुरे. डाग पडल्यावर घालवण्यापेक्षा, टिकल्या लागल्या त्या दिवसापासून त्यांच्या कडा रोज नीट घासणे कितीतरी स्वस्त पडते.

माझ्या विद्यार्थिनीने लिंबू सोडले. दंतवैद्यांकडे जाऊन तिने राहिलेले लुकण काढून घेतले. दोन-तीन डाग अजून दिसतात, पण त्यांतला आजारी भाग कोणता, हे आता ती मैत्रिणींना बरोबर सांगते.