अंगण कुणाचं?

शहरातल्या शाळांना आता माती सापडलीय. लेकरानं चिखलात खेळावं, पानं वेचावीत, पाण्यात हात घालावा, त्यानं बुद्धी फुलते म्हणे. खरंय ते. पण त्या चिखलाला फी आहे, आणि ती गोदीत पोती उचलणाऱ्याला झेपत नाही. आम्ही बिलोलीकडं फुकट चिखलात वाढलो, तेव्हा त्याला कुणी शिक्षण म्हणालं नाही. घाणेरडी पोरं म्हणाले.

दोस्तांनो, निसर्ग सगळ्यांचा, ही थाप आहे. झाड होतं, पार आमचा नव्हता. विहीर होती, पाणी आमचं नव्हतं. मांजरेची रेती आमचे बाप ट्रकात भरतात. त्यातलं घमेलंभरही लेकरांच्या खेळाला उरत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. साधनं काय? शिंपले, बिया, पानं, खडे. अंगणवाडी ती ही. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली, नाव उचललं. अंगण मात्र विसरलं. बहुतेक ठिकाणी उरली एक खोली, खिचडी आणि रजिस्टर.

१९५७ ला बाईंचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या लेकरांसाठी कुरणशाळा निघाली. बाईंना सलाम. पण आपण तिथं थांबायचं नाही. लेकरू कुरणात जावं ते खेळायला, कुणाच्या गुरांमागं नाही.

मागणी साधी आहे. अंगणवाडी वस्तीत, आणि तिला अंगण. आधी कडुलिंब लावा. मराठवाड्यात सावलीशिवाय अंगण म्हणजे तापला तवा. सावलीत रेतीचा खड्डा, चढायला मातीचा ढिगारा, मोजायला चिंचोके. ताईच्या नजरेसमोर पाण्याचं उथळ टाकं. कंत्राटदाराची पत्र्याची घसरगुंडी नको, ती उन्हात कातडी सोलते.

टाकं मुद्दाम मागतोय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तर महाडच्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. आता अंगण आमच्या वस्तीत असू दे. पाटलाचं तीन वर्षांचं लेकरू तिथं येऊ दे. एकाच टाक्यात दोघांचे हात बुडू देत. त्या वयात पाण्याला जात नसते. ती घरची मोठी माणसं शिकवतात.

त्यांच्या आधी आपण शिकवू.