एका सामन्यापलीकडची कारकीर्द

१५ जून २०१६ रोजी हरारे येथे विदर्भाचा सलामीवीर फैज फजल झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद ५५ धावा काढून तंबूत परतला. भारताने तो एकदिवसीय सामना दहा गडी राखून जिंकला. फजल तेव्हा तीस वर्षांचा होता. भारतीय संघात तो पुन्हा कधीच दिसला नाही. पहिला सामना आणि तोच अखेरचा! ‘बिचाऱ्याला संधी मिळाली नाही’ अशी हळहळ तेव्हापासून व्यक्त होत आली. ती प्रामाणिक असेल. पण त्या कारकीर्दीचे मोल करण्यास अपुरी आहे.

विदर्भ रणजी स्पर्धेत उतरला १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतरच्या सहा दशकांत या संघाला अंतिम सामनाही गाठता आला नव्हता. मोठ्या संघांनी हमखास गुण वसूल करावेत, एवढीच त्याची ख्याती. अशा संघाकडून फजलने २००३-०४ मध्ये पदार्पणातच १५१ धावा काढल्या आणि त्याच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीस नमवून करंडक जिंकला. त्या हंगामात त्याच्या स्वतःच्या धावा होत्या ९१२. पुढच्याच वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राचा पराभव करून विदर्भाने तो करंडक राखला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. या वीस वर्षांना ‘अपयश’ कोणत्या मापाने म्हणायचे?

इंग्लंडमध्ये हे माप निराळे आहे. देशाकडून एकही कसोटी न खेळलेला खेळाडू दहा-पंधरा वर्षे आपल्या काउंटीकडून खेळतो. दीर्घ सेवेनंतर काउंटी त्याला ‘बेनिफिट’चे वर्ष देते आणि त्या वर्षीचे सामने व भोजनसमारंभ यांतून जमणारा निधी त्याच्या हाती पडतो. आपल्याकडे मात्र निळी टोपी मिळाली नाही की खेळाडू विस्मृतीत जातो.

वाशीम, कारंजा, रिसोडच्या घरांतून याचा परिणाम दिसतो. ‘भारताकडून खेळणार आहेस का? नाही ना, मग पुस्तक उघड!’ या एका वाक्यात मुलाचे मैदान सुटते. पालकांची चिंता खोटी नाही. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूस २०२१ मध्ये दिवसाला साठ हजार रुपये मानधन ठरले, हे खरे. पण तेथवर पोहोचणारे थोडे. एकोणिसाव्या वर्षी संघाबाहेर पडलेल्या मुलाने काय करावे? म्हणूनच रजनीश गुरबाणीचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेणारा हा गोलंदाज स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. पुस्तक आणि चेंडू एकाच घरात नांदू शकतात.

जिल्ह्यातील शाळांनी स्नेहसंमेलनासाठी दूरचित्रवाणीवरील नटांचा पाठपुरावा करण्याऐवजी एखाद्या वर्षी नागपूरहून असा निवृत्त रणजीपटू बोलवावा. समृद्धी महामार्गाने आता काही तासांचाच तर प्रवास आहे.