जखम टाक्याची, उपचार क्षयाचा

दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. महिना-दीड महिन्याने बेंबीजवळचा भरून आलेला व्रण लाल होतो, गाठ येते, ती वाहू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी गुण येत नाही. रुग्णाला मधुमेह नाही, एचआयव्ही नाही. तुकडा तपासल्यावर क्षयात दिसतात तशा गाठी दिसतात आणि सहा महिन्यांचा क्षयोपचार सुरू होतो. आपल्या देशात हे निदान कोणालाही पटते. घोटाळा होतो तो तेथेच.

अशा जखमांमागे पुष्कळदा मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी वा ॲब्सेसस हे क्षयजंतूचे भाऊबंद असतात. ते माती-पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातही राहतात आणि धडधाकट माणसाच्या वाटेस सहसा जात नाहीत. त्यांना शरीरात पोहोचविते ते उपकरण. दुर्बिणीची काही साधने वाफेची उष्णता सोसत नाहीत, म्हणून ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे बुडविली जातात. पूर्ण निर्जंतुकीकरणास त्याच द्रावणात ८ ते १० तास लागतात. त्यात सांधे न उघडता साधन बुडविले, द्रावण जुने असले आणि वर नळाच्या पाण्याने धुतले, तर जंतूंना आणखी काय हवे? दिवसाला सहा शस्त्रक्रिया आणि साधनांचे संच दोन, या हिशेबात १० तास कोण थांबणार!

ब्राझीलला याची किंमत कळली. रिओ द जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांतून हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. तेथील जंतू या द्रावणालाही दाद देत नव्हता. अखेर २००९ मध्ये तेथील आरोग्य नियामकाने अशा साधनांसाठी ही बुडविण्याची पद्धतच बंद केली. रुग्णांची मोजदाद झाली, म्हणूनच हे घडू शकले.

आपल्याकडे २०१२ पासून क्षयाची नोंद बंधनकारक आहे. व्रण क्षयाचा ठरला की रुग्ण त्या यादीत जातो आणि शस्त्रक्रियागृहाकडे कोणी वळून पाहात नाही. इकडे आयसोनियाझिड, पायराझिनामाइड या गोळ्या या जंतूंपुढे निष्प्रभ ठरतात. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे लागतात, तीही कोणता जंतू आहे हे पाहून. त्यासाठी कल्चर हवे. पण काढलेला सगळा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो, आणि त्यात जंतू जिवंत राहात नाही.