यंत्र नवे, पण कान जुनेच

कान तपासून झाल्यावर, चिठ्ठी खिशात घालता घालता, पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ‘डॉक्टरसाहेब, पोरगा गेमचं मशीन मागतोय. सोबत हेडफोनही पाहिजे म्हणतो. कानाला बाधणार नाही असा एखादा सांगा की!’ प्रश्न खरे तर दुकानदाराला विचारायचा. पण तो डॉक्टरला विचारला जातो याचे मला बरे वाटते. कारण दुकानात किंमत कळते, रंग कळतो, वायरचा की बिनवायरचा हेही कळते. तो कानात किती मोठा आवाज सोडणार, हे तिथे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

प्रथमच सांगतो, गेम खेळणे म्हणजे वाया जाणे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. मुलांनी खेळावे. माझे म्हणणे एवढेच आहे की, कानाच्या दृष्टीने खरा प्रश्न यंत्राचा नसून आवाज आणि तास यांच्या हिशेबाचा आहे. तो हिशेब घरात कोणीच ठेवत नाही.

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडून कॅसेट घालायचे गेम आपल्याकडे घरोघरी आले. त्यांचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून यायचा. मारिओने मारलेली उडी स्वयंपाकघरात ऐकू जायची आणि दोन मिनिटांत आजी ओरडायची, ‘अरे, तो आवाज कमी कर!’ कानाच्या डॉक्टरपेक्षा या आजीनेच जास्त कान वाचवले असतील. पुढे हेडफोन आला, घर शांत झाले आणि आजी गप्प बसली. आवाज मात्र संपला नाही. तो खोलीतून निघून कानाच्या भोकापाशी येऊन बसला. मुलगा काय पातळीवर ऐकतो आहे, हे आता शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही.

कानाची रचना थोडी समजून घेऊ. अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि तो संदेश मज्जातंतूमार्फत मेंदूला पोहोचतो. शेतातले पीक वाऱ्याने वाकते आणि पुन्हा उभे राहते. वादळ झाले तर आडवे होते. केशपेशींचे तसेच आहे. फरक इतकाच की पीक पुढल्या हंगामात पुन्हा पेरता येते, माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, थेंब नाहीत, ऑपरेशन नाही.

आता हिशेब. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. मिक्सर फिरू लागला की आवाज ८० च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ आहे. यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मोठ्यांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला अवघे अडीच तास. हे तास दिवसाचे नव्हेत, पूर्ण आठवड्याचे.

मग गेममध्ये आवाज किती असतो? ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये याचा एक आढावा प्रसिद्ध झाला. नऊ देशांतील १४ अभ्यास, त्यांत ५० हजारांहून अधिक माणसे. त्यातील एका अभ्यासात गोळीबाराच्या चार गेमचा आवाज हेडफोनमधून मोजला, तो सरासरी ८५.६ पासून ९१.२ डेसिबलपर्यंत भरला. अधूनमधून होणारे स्फोटासारखे आवाज ११९ पर्यंत गेल्याचीही नोंद आहे. वरच्या हिशेबात ९१ डेसिबल घालून पाहा: मोठ्या माणसाचा आठवड्याचा वाटा तीन तासांत संपतो, लहान मुलाचा तासाभराच्या आत. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचा वाटा सोमवारीच संपला, उरलेला आठवडा तो उधारीवर ऐकतो. हे पुरावे अजून पुरेसे नाहीत, असे खुद्द त्या संशोधकांनीही नमूद केले आहे. पण कानाच्या बाबतीत पुरावा पुरा होईपर्यंत थांबणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे होय.

ही उधारी कशी वसूल होते ते सांगतो. अकरावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. तक्रार वडिलांची होती: ‘हाक मारली तर ओ देतो, पण सांगितलेलं नीट करत नाही.’ मुलाला एकांतात विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘रात्री झोपताना कानात कुई वाजते.’ श्रवणचाचणीत ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख खाली उतरला होता. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान बहुधा तिथूनच सुरू होते. अशा मुलाला बोलण्याचा आवाज येतो, पण स, श, फ, थ यांसारखी बारीक व्यंजने निसटतात. वर्गात शेवटच्या बाकावर ‘सात’ की ‘साठ’ हे कळत नाही. मास्तर म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात उद्धट झाला; पोरगा बिचारा उगाच बोलणी खातो.

आवाज वाढवण्याची कारणे दोन. एक म्हणजे भोवतालचा गोंगाट: पंखा, कूलर, रस्ता, बाहेरच्या खोलीतली मालिका. दुसरे कारण खुद्द गेममध्ये आहे. शत्रूच्या पावलांचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून मुले आवाज चढवतात, आणि त्याच पातळीवर बॉम्ब फुटतो. यावर उपाय आहे. अनेक गेमच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ अशी सोय असते. त्याने बारीक आवाज थोडा वर येतो आणि मोठा दबतो. मित्रांचे बोलणे ऐकू येत नसेल तर सगळाच आवाज न चढवता गेमचा आवाज उतरवावा. ही दोन पातळ्या वेगळ्या ठेवण्याची सोय प्लेस्टेशन ५ मध्ये आहे.

नव्या यंत्रांबद्दल माझे मत विचाराल तर तेही सांगतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सिरीज एक्स व एस ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली (पैकी प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये), तर निन्टेन्डोचे स्विच २ जून २०२५ मध्ये. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स या दोन्हींच्या हातातल्या कंट्रोलरला ३.५ मि.मी. ची साधी खाच आहे. घरात वायरचा बरा हेडफोन असेल तर तोच तिथे लागतो. प्लेस्टेशनचा त्रिमितीय आवाजही साध्या दोन बाजूंच्या हेडफोनवर चालतो. तेव्हा डब्यावर ‘७.१’ छापले आहे म्हणून दुप्पट पैसे मोजू नयेत. माणसाला कान दोनच आहेत. वाचलेले पैसे चांगल्या गादीच्या, कानाभोवती नीट बसणाऱ्या हेडफोनवर घालावेत. बाहेरचा गोंगाट जितका अडेल तितका आतला आवाज कमी पुरतो.

संगणकावर खेळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पडद्यावरचा ‘५०’ हा आकडा डेसिबलचा नव्हे. तोच ५० एका हेडफोनवर सौम्य, तर दुसऱ्यावर कर्कश असू शकतो. म्हणून हेडफोन बदलला की आवाज अगदी खाली आणून मग हळूहळू चढवावा. वेगळा अॅम्प्लिफायर २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनांना लागतो. घरोघरी असलेल्या १६ ते ३२ ओहमच्या हेडफोनला तो जोडणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन लावणे. आणि टेबलावर हातभर अंतरावर ठेवलेले दोन लहान स्पीकर या सगळ्यांहून बरे. त्यांचा आवाज घराला ऐकू जातो आणि आजीची नोकरी परत चालू होते.

लहान मुलांच्या हेडफोनवर ‘कमाल ८५ डेसिबल’ असे लिहिलेले असते आणि पालक निर्धास्त होतात. पण मुलांच्या ७५ च्या हिशेबाने ८५ डेसिबलला आठवड्याचे चारच तास मिळतात. ही मर्यादा चांगली आहे, पण ती दिवसभर कानाला लावून बसण्याचा परवाना नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२५ मध्ये खास गेमसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. आवाजाचा हिशेब ठेवावा, मर्यादा ओलांडली की इशारा द्यावा, अशा अपेक्षा त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध तक्रार करता येते, कारण २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. कानात घातलेल्या डीजेला असे बंधन का नसावे? औषधाच्या बाटलीवर मात्रा छापतात, तशी प्रत्येक हेडफोनच्या डब्यावर आवाजाची कमाल पातळी आणि सुरक्षित तास मराठीत छापणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत घरच्या घरी एवढे करा. आवाज शक्यतो ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. दर तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. मुलाने हेडफोन लावला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज कमी करायला सांगा. खेळानंतर कान भरल्यासारखे वाटले, कुई वाजली, तर तो कानाने दिलेला इशारा आहे. तो दुसऱ्या दिवशीही टिकला तर तपासणी करावी. कानातून पू येत असेल तर आत घालायचे इअरफोन बंद. आणि एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर तेल, लसूण काहीही न घालता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे. उपचाराची वेळ फार थोडी असते.

एक शेवटची सूचना पालकांना. रविवारी तासभर मुलाशेजारी बसा, हेडफोन काढायला लावून आवाज टीव्हीवर घ्या आणि एक डाव खेळून पाहा. तुम्ही हराल, पण मुलगा कोणत्या आवाजात रोज बसतो ते तुम्हाला स्वतःच्या कानांनी कळेल.