एकतिसाव्या दिवशी काय?



‘काका, तुमचं सिबिल खराब आहे,’ असे कर्जाच्या टेबलावरचा तरुण म्हणाला तेव्हा मला वाटले, त्याने भलत्याचीच फाइल उघडली असावी. (कर्जदारांची पतमाहिती ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या देशात आहेत, पण आपण कोणाच्याही स्कोअरला सिबिलच म्हणतो.) मुलीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार होतो. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाच वर्षांपूर्वी फेडलेल्या स्कूटरच्या कर्जापुढे थकबाकी होती ५९० रुपये. कर्ज बंद झाल्यावरही फायनान्स कंपनीने माझ्या खात्यावर आणखी एक हप्ता टाकला. तो परत गेला. त्याचा दंड ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. मला ना पत्र, ना फोन. त्याच कंपनीच्या ना-हरकत दाखल्यावर आरटीओने गाडीवरचा बोजा केव्हाच उतरवला होता. म्हणजे आरसीवर मी कर्जमुक्त आणि अहवालात थकबाकीदार!

चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. तो मी कधी मागवला नाही, ही चूक माझी. पण पुढचे ऐका. ऑनलाइन तक्रार केली, दाखल्याची प्रत फायनान्स कंपनीला पाठवली. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले : ‘संबंधित संस्थेने माहिती योग्य असल्याचे कळवले आहे.’ तक्रार बंद.

कागदावर सगळे नियमाने झाले. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे दुरुस्तीच्या अर्जावर ३० दिवसांत कार्यवाही व्हायला हवी. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या मुदतीला दात बसवले. २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे, उरलेले माहिती कंपनीचे. हे पाऊल चांगलेच आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत.

पण त्याच कलमात एक परंतुक आहे आणि खरी मेख तिथे आहे. संबंधित संस्थेने ‘बरोबर’ असे प्रमाणित केल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती करता येत नाही. ज्याने चूक केली त्याच्याच सहीने ती सुधारायची! तक्रार फेटाळली तर कारण द्यावे लागते, हे खरे. पण ‘आमची माहिती योग्य आहे’ एवढे एक वाक्यही कारण म्हणून खपते. खातेउतारा नाही, दंड कशाचा त्याचा हिशेब नाही. मुदत पाळली की संस्था सुटली. मुदत उत्तराला आहे, पुराव्याला नाही.

अमेरिकेतल्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टमध्येही तपासाला साधारण ३० दिवसच आहेत, काही वेळा ४५. फरक मुदत संपल्यावर कळतो. तिथे पडताळणी झाली नाही तर वादग्रस्त नोंद काढावी लागते. आपल्याकडे एकतिसाव्या दिवशी १०० रुपयांचे मीटर सुरू होते आणि नोंद मात्र जागची हलत नाही. प्रवेशाची फी पुढच्या सोमवारी भरायची असलेल्या बापाला त्या शंभराचे काय?

बँका म्हणतील, आपल्याकडेही अशी नोंद काढायला लावली तर खरे थकबाकीदारही खोट्या तक्रारी करून अहवाल धुऊन घेतील. कसे घेतील? थकबाकी खरी असेल तर उतारा बँकेच्या संगणकातच असतो, तो जोडला की विषय संपला. जानेवारी २०२५ पासून या संस्था दर पंधरवड्याला आपल्या सगळ्या कर्जदारांची माहिती पाठवू लागल्या. त्यांना २१ दिवसांत एका खात्याचे एक पान पाठवता येत नाही, हे मला पटत नाही.

कलम २१ बदलायला संसद लागेल. पण तक्रार फेटाळताना पुराव्याचा कागद जोडलाच पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने आजही द्यावा. आणि वाद चालू आहे तोवर त्या नोंदीवरून कोणाचे कर्ज नाकारू नये.

माझी नोंद दुसऱ्या तक्रारीनंतर निघाली, तीही मी फायनान्स कंपनीच्या शाखेत दोन दुपारी बसून राहिलो म्हणून. तोवर फी मेहुण्याकडून हातउसने घेऊन भरली होती. भरपाई मागितली तर कळवले की दोन्ही तक्रारी मुदतीत निकाली काढल्या आहेत, सबब देय रक्कम शून्य. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज केला आहे. या वेळी आरसीची प्रतही जोडली आहे.

– एक वाचक, इचलकरंजी