शिंकांवर गुळवेल चालते का? नागपूरच्या चाचणीतून काय कळले आणि काय राहिले

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गर्दी उसळते, वैनगंगेच्या काठावर धूळ उडते आणि नाकाची ॲलर्जी असलेल्यांच्या शिंका थांबता थांबत नाहीत. अशा वेळी गडचिरोली-चंद्रपूरकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे गुळवेलीचा काढा. ही वेल इथल्या जंगलातलीच. आजीबाईच्या बटव्यातला म्हणून हा सल्ला झटकून टाकता येत नाही, कारण त्याची रीतसर चाचणी नागपुरातच झाली आहे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ७५ रुग्ण घेतले. काहींना आठ आठवडे गुळवेलीचा अर्क दिला, काहींना औषध नसलेली गोळी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्ण थांबल्या. नाक वाहणे ६९ टक्क्यांचे, तर चोंदणे ६१ टक्क्यांचे थांबले. दुसऱ्या गटातील ७९ टक्के रुग्णांच्या शिंकांत काहीच फरक पडला नाही. विशेष म्हणजे, अर्क घेणाऱ्यांच्या नाकातील स्रावात ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशीही घटल्या. म्हणजे हे नुसते 'बरं वाटतंय' नव्हते.

मग गुळवेल हेच औषध का मानू नये? ७५ हा आकडा फार लहान आहे. वेलीतला नेमका कोणता घटक काम करतो, हेही त्यातून कळत नाही.

हा टप्पा ओलांडला की काय होते, याचे उदाहरण आहे. भूमध्य समुद्राकडच्या अम्मी विस्नागा या वनस्पतीत खेलिन नावाचे द्रव्य असते. स्वतः दमेकरी असलेल्या डॉ. रॉजर अल्टोन्यान यांनी त्यावर आधारित रेणू स्वतःवरच तपासले. (आज कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही!) त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट मिळाले. ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशींना ते आवर घालते आणि नाकाच्या फवाऱ्यात आजही वापरले जाते. गुळवेल अजून काढ्यातच अडकली आहे.

काढ्याला धोकाही आहे. कोविडकाळात, २०२० च्या अखेरीस, गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी, असे सांगितले. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, जत्रेतल्या पथारीवरचा तुकडा कोणत्या वेलीचा आहे हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही.

म्हणून विदर्भातच दुसरी, काही शे रुग्णांची चाचणी व्हायला हवी. वेलीची ओळख पटवून आणि दर महिन्याला यकृताची तपासणी करून. तोवर यकृताचा त्रास असलेल्यांनी काढ्यापासून दूर राहावे. बाकीच्यांनीही डॉक्टरांनी दिलेला फवारा परस्पर बंद करून गुळवेल सुरू करू नये.