गाणं आपल्या बोलीत लिहा

एमसी स्टॅन म्हणजे पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ शेख. स्वतः लिहिलेलं रॅप तो यूट्यूबवर टाकत गेला. २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला, २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा विजेता झाला. त्याच्या गाण्यांतल्या शिव्या आम्हाला रुचत नाहीत. पण वस्तीची बोली त्यानं गुळगुळीत केली नाही, हे मानावंच लागेल.

सातारा-सांगलीच्या मुस्लिम घरांत मराठीही आहे, दखनीही. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी घडवलेल्या सतारी देशभर वाजतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. बार्शीच्या अमर शेखांनी तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा मराठी गाण्यांनी पेटवल्या. तरीही ‘मुस्लिम असून मराठी इतकं छान कसं?’ हे कॉलेजात ऐकावं लागतंच. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक गाणं लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, टाका.

आणि उद्या एखादी कंपनी करार घेऊन आली, तर सहीआधी नीट वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही.